अकरा सूर्य, दहा बाय सहा

शाळेच्या तायशेटे बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या
तेव्हा मशीनवर कबड्डीचा बॅनर चालू होता
आणि मागे रांगेत एक श्रद्धांजली.
म्हणाल्या, सूर्याचे फोटो आहेत,
विज्ञान प्रदर्शनासाठी. दहा बाय सहा.

फाइल उघडली.
अकरा सूर्य, आणि कोपऱ्यात बारावं काहीतरी.
एक हिरवा,
एक पिकल्या करवंदाचा,
एक राखुंडीने घासलेल्या घंगाळासारखा,
एक असा निळा की ताप बघावासा वाटला.
म्हटलं, बाई, कलर गेलेत. करेक्शन करू?
हर्णैतले अर्धेअधिक चेहरे गोरे केलेत मी,
सूर्य पिवळा करायला कितीसा वेळ.

बाई म्हणाल्या, हे रंग त्याचे नव्हेतच.
हा उजेड डोळ्यांना दिसत नाही,
बराचसा तर खाली पोचतही नाही, हवेतच अडतो.
म्हणून यान पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन
काळ्यापांढऱ्यात टिपतं,
आणि इथे खुर्चीवर बसलेलं कोणीतरी
ओळखायला बरं म्हणून
एकेकाला एकेक रंग लावतं.
तुमच्या बोटींना लावतात तसा.

बोटींचं मला कळतं.

बारावा फोटो मात्र खराब आला होता.
मधोमध काळी चकती,
भोवती नुसती पांढरी पिसं उडालेली.
यात सूर्यच नाही, मी म्हटलं.
बाईंनी दाराबाहेर बघायला लावलं.
बंदराच्या वाळूत हिरूबाय चोगले उभी,
कपाळाला आडवा हात,
मुलाची बोट यायची होती परवापासून.
सूर्य झाकलाय तिने, बाई म्हणाल्या,
म्हणून तर तिला बाकीचं दिसतंय.
हा फोटो तसाच काढतात.

हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
तिसऱ्या सूर्यावर लाइट गेली.
पाऊण तास तो अर्धाच लोंबत होता
नि त्याच्याखाली पांढरं कोरं कापड.
पुन्हा जोडला, पण जोडाची रेघ राहिली.
बाईंनी वीस रुपये कमी दिले. बरोबरच होतं.

प्रदर्शन दोन दिवसांचं.
तिसऱ्या दिवशी सूर्य दुकानात परत, गुंडाळलेले, वर सुतळी.

हिरूबाय आली. जुना फ्लेक्स हाय का रं?
जवला घालायचाय.
(बोट आली होती. इंजिन बिघडलं होतं, बाकी काही नाही.)
ती नेहमी छापील बाजू खाली करते.
पुढारी तोंडावर घेऊन वाळवलेलं
कोण खाईल, म्हणते.
यांना नाकडोळे नव्हते.
म्हणून हे अकराच्या अकरा
पाजपंढरीच्या वाळूत आभाळाकडे बघत पसरले,
चार कोपऱ्यांवर चार दगड,
वर मूठमूठ जवळा.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.
येता जाता बघत होतो.
पिवळा आधी गेला. मग लाल.
करवंद फिकटलं, घंगाळाची कल्हई व्हावी तसं झालं.
शिमग्यापर्यंत सगळे सूर्य एकाच निळसर पाण्याचे,
कुठला कुठल्या उजेडाचा
बाईंनाही सांगता आलं नसतं.
शाई हलकी होती
हे मी त्यांना बोललेलो नाही.
पण कितीही भारी असती तरी
ज्याच्याखाली अंथरली होती
त्याला रंग परत मागायची घाई होतीच.

रेघ आहे अजून, तिसऱ्यावर.
आणि ती काळी चकती,
जिच्यात सूर्य नाही म्हणून मी भांडलो,
ती तेवढी जशीच्या तशी.
हिरूबाय तिथला जवळा हाताने लोटत होती,
पाटीत भरत होती, बाकीचा तसाच ठेवून.
मी विचारलं, हा एवढाच का?

वर न बघता म्हणाली,
काल्यावरचा पयला सुकतो.